नळावर वाचलेली कादंबरी

मिलिंद, त्या कादंबरीचा शेवट मी तुला खोटा वाचून दाखवला होता. पुस्तकात होता तो नव्हे, माझ्या मनातला. हे सांगायला मला बारा वर्षं मिळाली होती आणि मी सांगितलं नाही. आता तुला जाऊन सतरा दिवस झाले, तेव्हा सांगायला बसलेय. वर्गात उशिरा येणाऱ्या पोरांना मी दाराबाहेर उभं करते. मला कुणी उभं करायचं?

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. जन्म कुठला, नाटकं कुठली, बक्षिसं किती. एकोणतिसाव्या वर्षी काविळीनं गेला, हेही आलं. नळाचं काही आलं नाही, आणि ते येणार तरी कसं? ते तुझ्या अक्काशिवाय कुणाला माहीत आहे?

हुबळीच्या कमरीपेठेत तेव्हा तीन दिवसांतून एकदा पाणी यायचं. दुपारी चारला म्हणायचे, कधी पाचला यायचं, कधी येतच नसे. आपला नंबर शांतव्वाच्या मागे. ती पत्रावळी लावून विकायची आणि तिच्या दोन बिंदग्या, म्हणजे कळश्या, आपल्या घागरींच्या पुढे कायम ठाण मांडून असायच्या. मी शाळेतून परस्पर नळावर यायचे, तू आधीच रांगेत जागा धरून बसलेला. चौऱ्याहत्तर साल. तू सतरा वर्षांचा, पीयूसीच्या परीक्षेत गटांगळी खाऊन घरी बसलेला, आणि मी सव्वीस वर्षांची टीचर. त्या वर्षी शाळेच्या ग्रंथालयाचं कपाट माझ्या ताब्यात आलं होतं. त्यातून ती कन्नड कादंबरी काढून मी पिशवीत टाकली होती, रांगेत वेळ जावा म्हणून.

तुला ती वाचून दाखवावी लागायची, कारण आपलं घर दोन लिप्यांचं. मला अप्पांनी कन्नड शाळेत घातलं. सरकारी नोकरी कन्नडशिवाय मिळत नाही असं त्यांना कारखान्यात कुणीतरी पटवलं होतं. तुझ्या वेळेला आई अडून बसली, पोरगा मराठीतच शिकणार म्हणून. दोघांचंही ऐकलं गेलं आणि मधल्यामध्ये आपण सापडलो. तू कन्नड बोलायचास ते शांतव्वानं मान डोलवावी असं, पण वाचायला लागलास की दुकानावरची पाटी संपेपर्यंत आपण दुकान ओलांडून गेलेलो असायचो.

तर ती कादंबरी. विणकराच्या घरातला सिद्दू, गोष्ट सुरू होते तेव्हा दहा वर्षांचा. आई नाही, थोरली बहीण त्याला वाढवते. घरात माग आणि गावाला लागून लॉऱ्यांचा रस्ता. पोराचे हात मागावर आणि कान रस्त्यावर. नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, ही लॉरी भरलेली, ती रिकामी, ही घाट चढून आलीय. त्याला लॉरीवर जायचं असतं, आणि तीनशे पानं तो फक्त मोठा होत असतो. आपली आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. त्या पुस्तकात तुला काय सापडलं ते मला कधी विचारावं लागलं नाही.

आठच दिवसांत सगळी रांग ऐकायला लागली. "मुंद एनात्री टीचर?" पुढं काय झालं हे विचारल्याशिवाय शांतव्वा बिंदगी उचलायची नाही. मी वाचायचे आणि तू मधेच उठून सिद्दूचा मामा व्हायचास, लॉरीचा क्लीनर व्हायचास, एकदा तर चक्क लॉरी झालास आणि पोरांना घाबरवलंस. घागर भरून वाहायला लागली तरी कुणाला शुद्ध नसायची. तुझं पहिलं ट्रेनिंग ते, असं आज मी ऐटीत म्हणते. तेव्हा म्हणायचे, "मेल्या, घागर बघ."

शेवटची दोन पानं उरली त्या दिवशी सकाळी अप्पांनी रेल्वेच्या कारखान्यातून तुझ्यासाठी अप्रेंटिसचा फॉर्म आणला होता. "सही कर," म्हणाले. तू म्हणालास, "उद्या बघतो." त्याच आठवड्यात धारवाडच्या नाटकमंडळींनी तुला दौऱ्यावर बोलावलं होतं. हे अप्पांना माहीत नव्हतं. मला होतं.

नळावर मी पान उलटलं आणि एका नजरेत दिसलं, सिद्दू जातो. बहीण झोपलेली असताना पहाटे लॉरीत चढून जातो. तू माझ्यासमोर उकिडवा बसला होतास. तुझा चेहरा बघितला आणि मी घाबरले. एक श्वास घेतला आणि वाचत राहिले, नजर ओळींवर, तोंडात दुसरंच. सिद्दू वेशीवर लॉरीतून उतरला, मागे फिरला, बहिणीनं त्याला भाकरी वाढली आणि तो मागावर जाऊन बसला. रोज पोरांना गोष्टी सांगून मला ती विद्या येत होतीच. एका शब्दालाही अडखळले नाही.

शांतव्वानं पदरानं नाक पुसलं. "चलो आत बिडव्वा, हुडगा मनिगे बंदा." बरं झालं बाई, पोरगं घरी आलं. सगळ्या रांगेला बरं वाटलं. तू तेवढा उभा राहिलास.

"इदु सुळ्ळ ऐती," म्हणालास. खोटं आहे हे.

मला वाटलं, सापडले. पण तुझा राग लेखकावर होता. "अक्का, ह्या माणसाला शेवटाला भ्या वाटलंय बघ. तीनशे पानं खरं लिहिलं आन् दोन पानांत पळून गेला. लॉरीचा आवाज ओळखणारं पोरगं मागावर बसतंय व्हय?"

मी म्हटलं, "आणि बहिणीचं काय? तिनं काय करायचं?"

"तिचं ती बघंल की."

तू ते सहज बोललास. मला लागलं, आणि लागलं म्हणून मी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. खरं सांगायची पहिली वेळ मी अशी रागात घालवली.

दुसऱ्या दिवशी तू फॉर्मवर सही केलीस. त्या शेवटामुळे केलीस, की अप्पांच्या तोंडाकडे बघून, की रांगेतल्या सगळ्यांना पोरगं घरी आल्याचा आनंद झाला म्हणून, हे मला कधी कळलं नाही. तू सांगितलं नाहीस आणि मी कुठल्या तोंडानं विचारणार? दोन वर्षं तू डबा घेऊन अप्पांच्या बरोबर कारखान्यात गेलास. एकोणतीस वर्षांच्या आयुष्यातली दोन वर्षं. सतरा दिवस मी हाच एक विचार करतेय.

अप्पांसाठी केलं, तुझ्या भल्यासाठी केलं, असं मी मनाशी घोकत आले. खरं कारण त्याहून साधं आहे. आई गेली तेव्हा मी अठराची होते. तुझ्या डोक्यातल्या उवा काढण्यापासून तुझी फी भरायला रांगेत उभं राहण्यापर्यंत सगळं माझ्याकडे आलं, आणि ते मला आवडायला लागलं होतं. तू गेलास तर घरात मी आणि अप्पा उरणार, दोघंही घुमी माणसं. मला त्या घराची भीती वाटली. लेखकाला भ्या वाटलं नव्हतं रे. मला वाटलं होतं.

शहात्तरला तू नोकरी सोडून दक्षिणेकडच्या नाट्यशाळेत गेलास. एका दिवसात सोडलीस. अप्पा चार महिने तुझं नाव काढेनात, पण पोस्टमन आला की मी वाचेपर्यंत दारातून हलायचे नाहीत. तुझं पहिलं पत्र वाचून मला वाटलं, हा नाटक शिकायला गेलाय की हमाली करायला? सकाळी रंगमंच झाडायचा, मग लाठी, मग तासभर नुसतं चालायचं. "अक्का, मला चालता येत नाही असं इथं म्हणतात," असं लिहिलं होतंस. अप्पा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "एवढं तर आपण हितंच शिकवलं असतं."

तिथे कन्नड वाचायलाही शिकलास, पण सावकाश. नवं नाटक हाती आलं की मूळ प्रत माझ्याकडे यायची आणि तुझी नक्कल, म्हणजे तुझ्या वाट्याची सगळी वाक्यं, मी देवनागरीत उतरवून पोस्टानं धाडायची. परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी तुझ्या राजाची नाहीतर चोराची वही. आईच्या हट्टाचा भुर्दंड मी दहा वर्षं भरला. तक्रार करतेय असं समजू नकोस. तू स्टेजवर बोलायला लागलास की माझे ओठ हलायचे, आणि शेजारची बाई माझ्याकडे बघायची. तेवढा माझा वाटा, आणि मला तो पुरत होता.

सुट्टीत आला होतास तेव्हाचं आठवतं? धारवाडला सुभाष रोडवर एक धोतरवाले म्हातारे केळी घेऊन चालले होते आणि तू त्यांच्या मागे मागे, तस्सा, एक खांदा पाडून. ते थांबले की तू थांबायचास. लोक हसायला लागले. म्हातारे वळले आणि मी, ह्याची बहीण म्हणून ओळख लागू नये म्हणून, शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात शिरले. दुकानदारानं बांगड्या भरल्याशिवाय सोडलं नाही. बाहेर आले तर तुम्ही दोघं हॉटेलच्या बाकावर चहा पीत बसलेले, आणि म्हातारे तुला खांदा कधी मोडला त्याची हकीकत सांगत होते. तुझ्यावर रागावणं फार अवघड होतं.

अप्पा तुझं नाटक बघायला एकदाच आले, हुबळीतच होतं म्हणून. त्यात तू रिटायर झालेला कामगार होतास. घरी बसलेला माणूस, दूरवर कारखान्याचा भोंगा होतो आणि तो खिशातलं फडकं काढून एकेक बोट पुसायला लागतो. आधी अंगठा, मग बाकीची. मी अप्पांकडे बघितलं तर ते धोतराच्या सोग्याला तसेच बोटं पुसत होते, त्यांचं त्यांना कळतही नव्हतं. घरी येताना एवढंच म्हणाले, "बोटं बरोबर पुसतोय." मी तुला ते सांगितलं. तू म्हणालास, "ती दोन वर्षं नसती तर हे मला कोण शिकवणार होतं, अक्का?"

तेव्हा सांगता आलं असतं. हसत हसत सांगून मोकळी झाले असते आणि तूही हसला असतास. पण मी म्हटलं, "चहा टाकू?"

आणि आपलं भांडण चालूच राहिलं. दर वेळी घरी आलास की जेवताना सिद्दूचा विषय निघायचाच. तू म्हणायचास, लेखकाला पत्र लिहिणार, विचारणार, का हो असं केलंत? मी म्हणायचे, सगळ्यांनीच कशाला जायला पाहिजे, कुणीतरी माग चालवायला नको? माझाच शेवट मी लेखकाच्या नावावर बारा वर्षं लढवला. त्या बिचाऱ्यानं ते कधी लिहिलंही नव्हतं. तू हात धुवायला उठताना म्हणायचास, "तू टीचर हाईस म्हणून तुला परत येणारी पोरं आवडत्यात."

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात तू हुबळीतच लॅमिंग्टन रोडला मला गाठलंस, रस्त्याच्या मधोमध. "अक्का, ती कादंबरी काढ. तिचं नाटक करतोय. लेखकाची परवानगी घेऊन शेवट बदलणार." तुझे डोळे नुसते चमकत होते. मी म्हटलं, पुस्तक सापडत नाही, कपाट बदललं, वाळवी लागली होती, काय काय गेलं देव जाणे. पुस्तक तिसऱ्या फळीवर होतं, मिलिंद. मी दर सोमवारी त्याच्यावरून फडकं फिरवत होते. तू धारवाडची जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातलीस, बेंगळूरला बघतो म्हणालास, मग दौरे लागले. पहिलं खोटं मी घाबरून बोलले होते, त्याला माफी असेल. हे दुसरं मी नीट विचार करून बोलले.

दवाखान्यात चौथ्या दिवशी मी पुस्तक पिशवीत घालून आले होते. अप्पांना चहाला पाठवलं, खुर्ची जवळ ओढली. तू झोपला होतास. डोळ्यांच्या फटीतून पिवळं दिसत होतं आणि श्वास शांत होता, म्हणून उठवावंसं वाटलं नाही. उद्या सांगू म्हटलं. उद्या तू कुणाला ओळखत नव्हतास.

घरी बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळी गल्ली आली. आणि काल धारवाडला तुझ्या मंडळींनी सभा ठेवली, तालमीच्याच हॉलमध्ये, सकाळी. मी पुस्तक बरोबर नेलं होतं. बोलायचं की नाही ते ठरलं नव्हतं. तुझा गुरुनाथ उठला, दौऱ्यावर बसमध्ये तुझ्या शेजारी बसणारा. त्यानं सांगितलं की प्रत्येक दौऱ्यात तू सगळ्यांना सिद्दूची गोष्ट सांगायचास, पार पहिल्यापासून, आणि शेवट आला की म्हणायचास, पुस्तकातला शेवट बकवास आहे, हा माझा बघा. आणि बसच्या मधल्या जागेत उभा राहून करून दाखवायचास. मला हे माहीत नव्हतं. गुरुनाथनं तो करून दाखवला, जसा जमला तसा.

तुझ्या शेवटात बहीण जागी असते. पोरानं निघायची तयारी केलीय हे तिला आठ दिवस आधीच कळलेलं असतं. ती भाकरी बांधते, लॉरीपर्यंत चालत येते, आणि सिद्दू वर चढल्यावर म्हणते, "होग."

गुरुनाथ म्हणाला, ह्या एका शब्दावरून बसमध्ये भांडणं झाली. आपल्याकडे निघालेल्या माणसाला कुणी नुसतं 'जा' म्हणतं का? 'होगि बा' म्हणतात, जाऊन ये. मराठीतही जाणारा 'येतो' म्हणतो आणि आपण 'ये' म्हणतो. नुसतं 'जा' म्हणजे अभद्र. सगळे तुझ्यावर तुटून पडले, आणि तू ऐकलं नाहीस. म्हणालास, 'परत ये' म्हटलं की पोरगं रस्ताभर मागंच बघत बसेल. ती 'होग' म्हणेल तरच ते जाईल. तिला हे कळतं, तिनं त्याला वाढवलंय.

मग त्यानं मला विचारलं, "अक्का, पुस्तकातला शेवट खरंच एवढा वाईट आहे?"

मी उठले आणि सगळं सांगितलं. नळ, फॉर्म, तिसरी फळी, सगळं. मग खरी दोन पानं वाचली. सिद्दू जातो. घाटात क्लीनर त्याच्या हातात फडकं देतो आणि तो पुढची काच पुसत असतो, तिथे पुस्तक संपतं. मी पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता ही माणसं माझं तोंड बघणार नाहीत. गुरुनाथ डोळे पुसत होता, आणि एकदम मोठ्यानं हसला. "हंगाद्र गेद्दा नम मिलिंद!" म्हणजे जिंकला की आपला मिलिंद. मग सगळेच हसले, रडता रडता. तुझ्याच सभेत, तुझ्या फोटोसमोर. अप्पाही हसले. घरी येताना बसमधून उतरताना त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली.

तू जिंकलास. लेखकही तुझ्याच बाजूचा होता. हे तुला पन्नाशीला सांगितलं असतं तरी तू घर डोक्यावर घेतलं असतंस. पण माझी खरी हार दुसरीकडेच झालीय. लेखकानं बहिणीला झोपवून टाकलं आणि मी तिला चुलीपाशी बसवलं. तिला लॉरीपर्यंत आणायचं फक्त तुला सुचलं. शहात्तरला तू खरोखर निघालास तेव्हा मी शाळेत होते, रजा मिळाली नाही असं सांगून. मी मागितलीच नव्हती.

तुला घरातून नेलं त्या दुपारी मी "ये रे, ये रे" म्हणत होते म्हणे. मला आठवत नाही, शांतव्वानं सांगितलं, तिनंच मला धरलं होतं. आपल्या लोकांच्या तोंडी तेच येणार. तुझ्या गोष्टीतल्या बहिणीइतकी मी धीराची नाही, कधीच नव्हते. पण वाक्य तू तयार करून ठेवलंयस आणि तुझी वाक्यं पाठ करायची मला सवय आहे. सकाळपासून म्हणून बघतेय. दोनदा जमलं नाही. आता जमेल.

जा, मिलिंद.